रॉबर्ट स्मॉल्स : सुकाण्या, आमदार, मेजर जनरल (आणि पेन्शनची फाईल)

जुनी_पानं (धागाकर्ता)

मंडळी, अमेरिकन यादवी युद्धाच्या धाग्यावर मी रॉबर्ट स्मॉल्सचा ओझरता उल्लेख केला होता. तेव्हापासून दोघं-तिघं वेगळा धागा काढा म्हणून मागे लागलेत. काढतोय. गुलाम असताना सैन्याची बोट पळवल्याची त्याची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते आणि ती सांगितल्याशिवाय सुटकाही नाही. पण मला खरं कुतूहल आहे ते त्यानंतरच्या पन्नास वर्षांचं. हा माणूस आमदार झाला, मिलिशियात (राज्याच्या स्वतःच्या फौजेत) मेजर जनरल झाला, खासदार झाला. आणि एवढं सगळं करून पेन्शनची वेळ आली तेव्हा सरकारने विचारलं, तुमच्या नेमणुकीचा कागद कुठाय?

जन्म ५ एप्रिल १८३९, साउथ कॅरोलायनातलं ब्यूफर्ट. आई लिडिया ही मॅकी कुटुंबाची गुलाम, घरकामाची. मालकाच्या घरामागच्या खोपटात हा जन्मला. घरात लाडका होता म्हणतात, आणि आईला धास्ती त्याचीच. पोराला आपण कोण आहोत हे कळायचंच नाही. म्हणून ती त्याला मुद्दाम गुलामांचा लिलाव आणि फटक्यांची शिक्षा दाखवायला घेऊन जायची. आईने मुलाला असलं शिक्षण द्यायचं, ते पण त्याच्या भल्यासाठी! या एका गोष्टीशी मी बराच वेळ अडलो होतो.

बाराव्या वर्षी त्याला चार्ल्सटनला मजुरीवर पाठवलं. कमाई मालकाची, त्यातली चिल्लर याची. रस्त्यावरचे दिवे लावले, गोदीत हमाली केली, शिडं शिवली, दोरखंड ओढले आणि हळूहळू बंदरातली खाडी न् खाडी तोंडपाठ झाली. सतरा वर्षांचा असताना, १८५६ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, हॅना जोन्सशी लग्न केलं. ती एका हॉटेलात खोल्या साफ करायची, अर्थात तीही कोणाची तरी गुलाम. मुलगी झाली तेव्हा बायको आणि मुलगी विकत घ्यायचा सौदा त्याने तिच्या मालकाशी ठरवला. ८०० डॉलर. स्वतःचीच बायको. गुलामगिरीत असली वाक्यं व्यवहारातली असतात.

युद्ध पेटलं आणि तो प्लँटर नावाच्या वाफेच्या बोटीवर लागला. बोट कॉन्फेडरेट, म्हणजे उत्तरेपासून फुटून निघालेल्या दक्षिणेच्या, सैन्याच्या दिमतीला, तोफा-दारूगोळा पोचवायला. बोट खरं तर हाच हाकायचा, पण गोऱ्यांच्या बोटीवर काळ्याला 'पायलट' म्हणायची सोय नव्हती. याचा हुद्दा 'व्हीलमन', म्हणजे चाक फिरवणारा. हा शब्द लक्षात ठेवा.

१२ मे १८६२. कोल्स बेटावरच्या तोफा काढून बोटीवर चढवलेल्या, सकाळी त्या दुसऱ्या ठिकाणी न्यायच्या. आणि २०० पौंड दारूगोळा. कप्तान रेलिया, त्याचा मेट (हाताखालचा दुय्यम) आणि इंजिनिअर असे तिघे गोरे अधिकारी रात्री घरी निघून गेले. बोटीवरच झोपायचा हुकूम होता, पण घर जवळ, कोण बघतंय! बोट बांधलेली कुठे, तर जनरल रिप्लीच्या मुख्यालयासमोर. पहारेकरी हाकेच्या अंतरावर. पहाटे तीनच्या सुमारास खलाशांनी बॉयलर पेटवला. पहारेकऱ्याला वाटलं, निघाले असतील साहेब कामाला.

दुसऱ्या धक्क्यावर बायकामुलं लपून बसलेली, त्यांना घेतलं. एकूण सोळा जण. ठरलं असं होतं की पकडले जायची वेळ आली तर बोट उडवून द्यायची, तेही जमलं नाही तर हातात हात धरून पाण्यात उड्या मारायच्या. स्मॉल्सने कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घातली. (काही दिवसांपूर्वी खलाशांपैकी कुणीतरी गमतीत ती टोपी त्याला घातली होती आणि सगळे हसले होते, अगदी कप्तान दिसतोस म्हणून. बेत शिजला तो त्या हसण्यातून.) एकेक किल्ला मागे टाकत, खुणेच्या शिट्ट्या देत बोट चालली. सगळ्यात कठीण फोर्ट सम्टर, तिथे पोचेस्तोवर साडेचार झालेले, उजाडायच्या बेतात. दोन लांब, एक आखूड शिट्टी. वरून जायची परवानगी आली.

तोफांच्या पल्ल्याबाहेर गेल्यावर झेंडा उतरवून पांढरी चादर चढवली. समोर उत्तरेच्या नौदलाचं ऑनवर्ड हे जहाज उभं. तोफा डागायच्या तयारीत होते, तेवढ्यात चादर दिसली.

स्मॉल्स तेव्हा तेवीस वर्षांचा होता.

पुढचं भरभर सांगतो. त्याने आणलेल्या बोटीइतकीच त्याने आणलेली माहिती मोलाची ठरली. गुप्त संकेतांची वही, सुरुंग कुठे पेरलेत, कोल्स बेट रिकामं झालंय. आठवड्याभरात उत्तरेच्या आरमाराने ते बेट लढाईशिवाय घेतलं. ऑगस्टात तो वॉशिंग्टनला गेला, युद्धमंत्री स्टँटनला भेटला आणि परत येताना हुकूम घेऊन आला : पोर्ट रॉयल भागात ५,००० पर्यंत कृष्णवर्णीय सैनिक भरती करायला परवानगी. ७ एप्रिल १८६३ ला चार्ल्सटनवर हल्ला झाला तेव्हा किओकक या चिलखती जहाजाचा पायलट हाच. जहाजाला नव्वदच्या आसपास गोळे लागले, दुसऱ्या सकाळी बुडालं, हा वाचला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्लँटर दोन्हीकडच्या माऱ्यात सापडली. गोरा कप्तान म्हणाला शरण जाऊ. स्मॉल्सचं म्हणणं असं, की तुम्ही युद्धकैदी व्हाल, आम्हाला फाशी. कप्तान कोळशाच्या कोठीत जाऊन लपला, स्मॉल्सने बोट बाहेर काढली. त्यानंतर त्याला त्याच बोटीचा कप्तान केलं.

'केलं' म्हणजे नेमकं काय केलं, हा प्रश्न पुढे तीस वर्षं चघळला गेला.

युद्धानंतर १८६८ च्या राज्यघटना परिषदेत तो प्रतिनिधी होता. त्याच वर्षी साउथ कॅरोलायनाच्या हाउसमध्ये (खालच्या सभागृहात) आमदार, १८७० पासून राज्याच्या सेनेटमध्ये, १८७५ पासून वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये, म्हणजे देशाच्या संसदेत. मधल्या काळात राज्याच्या मिलिशियात लेफ्टनंट कर्नलपासून चढत मेजर जनरल. आणि १८७७ मध्ये लाचखोरीच्या आरोपावरून दोषी.

बाकी प्रतिसादांत बोलू. एका दमात एवढंच.

सुकाणू_सोडा

वा! बोटीवर उभी हयात गेलेली, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

एक, टोपी. अंधारात लांबून माणूस ओळखला जातो तो तोंडावरून नाही, उभं राहण्यावरून. प्रत्येक कप्तानाची कठड्याला टेकायची एक ढब असते. आम्ही धक्क्यावरून सांगायचो, आज वर कोण आहे. स्मॉल्सने नुसती टोपी घातली असती तर भागलं नसतं, हात कसे बांधायचे, तोंड कुठे वळवायचं हे त्याने महिनोन्महिने बघितलेलं असणार.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मनात चोर असला की माणूस किल्ल्यापासून लांबून जायला बघतो. आणि वेग वाढवतो. दोन्ही केलं की संशय आलाच. रोजच्या वाटेने, रोजच्या वेगाने, रोजच्याच अंतरावरून जायचं, आणि शिट्टी देऊन थांबायचं की वरून काय येतंय. त्या थांबण्यात जीव जातो हो. इंजिनाला 'अजून थोडं' म्हणायचा मोह आवरणं ही खरी खलाशाची कसोटी.

आणि ते व्हीलमन प्रकरण! अहो चाक फिरवणारा आणि वाट जाणणारा यात जमीन-अस्मानाचं अंतर. प्लँटर चार फुटांपेक्षाही कमी पाण्यात चालणारी बोट, म्हणजे खाड्याखाड्यांतून, वाळूच्या दांड्यांमधून न्यायची. दांडे दर पावसाळी वादळानंतर जागा बदलतात. ते ज्याला कळतं तोच पायलट, मग पगारपत्रकावर काहीही लिहा.

जुनी_पानं

काका, हे थांबण्याचं मला सुचलंच नव्हतं. आणि भर घालतो, बंदरातले सुरुंग पेरायच्या कामातही प्लँटर होती. म्हणजे कुठून जायचं नाही हे त्याला आधीच माहीत.

ते तीन गोरे अधिकारी पुढे कोर्ट मार्शलला उभे राहिले. दोघांना शिक्षा झाली आणि नंतर रद्दही झाली. बोट पळवण्याइतकी अक्कल या लोकांना असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नसणार.

बाराखडी

हॅनाबद्दल कुणीच का विचारत नाही? दोन लहान मुलं, त्यातलं धाकटं वर्षाच्या आतबाहेर, रात्रभर दुसऱ्या बोटीवर लपून. मूल रडलं असतं तर सगळं संपलं. स्मॉल्सच्या हातात निदान चाक होतं. तिच्या हातात काय होतं?

आणि तो वाचायला कधी शिकला?

जुनी_पानं

बाराखडीताई, बरोबर पकडलंत. पांढरी चादर तिनेच हॉटेलातून आणली असं सांगतात. हे खरं असेल तर शेवटी सोळा जणांचा जीव वाचवला तो तिने घडी घालून आणलेल्या कापडाने.

वाचणं. १८६४ मध्ये प्लँटर दुरुस्तीसाठी फिलाडेल्फियाला नेली, तिथे काही महिने होता. पंचविशीतला माणूस, नाव झालेलं, वर्तमानपत्रांत छापून आलेला, आणि ते वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं. तिथे शिकवणी लावून शिकला. याच शहरात त्याला घोड्यांच्या ट्राममधून उतरवलं, गोऱ्या माणसाला जागा हवी म्हणून. भर पावसात चालत गेला. या प्रकरणाचा एवढा बोभाटा झाला की ट्राममधल्या भेदभावाविरुद्धच्या मोहिमेत त्याचं उदाहरण दिलं जाऊ लागलं, आणि १८६७ मध्ये पेनसिल्व्हेनियाने कायदाच केला.

आता याला जोडून बघा. १८६८ च्या परिषदेत त्याने मांडलेला ठराव कशाचा? सरकारी शाळांचा. सगळ्यांना खुल्या, फी नाही, आणि ७ ते १४ वयाच्या मुलांना वर्षातून किमान सहा महिने शाळेत पाठवणं बंधनकारक. काही वर्षांपूर्वी जिथे गुलामाला लिहायला शिकवणं गुन्हा होता त्याच राज्यात. मला विचाराल तर बोटीपेक्षा मोठं काम हे.

शंकासुर

धागा छान, पण आरती ओवाळून झाली असेल तर लाचेचं बोलूया का? धागाकर्त्याने एका वाक्यात गुंडाळलंय. पुनर्रचनेच्या काळातलं (युद्धानंतर दक्षिणेची घडी पुन्हा बसवण्याच्या वर्षांतलं) साउथ कॅरोलायनाचं सरकार भ्रष्ट होतं हे तर सगळेच मान्य करतात. छपाईच्या कंत्राटांत हजारो डॉलर उधळले गेले. हे छपाई समितीचे अध्यक्ष. शूर माणूस पैसे खात नाही असा काही नियम आहे का?

जुनी_पानं

नियम नाहीच. आणि तुमचा टोमणा रास्त आहे, मी ते वाक्य मुद्दाम आखूड ठेवलं होतं, कोण बोलतंय बघायला. :)

आरोप असा : राज्याच्या सेनेटमध्ये असताना, १८७३ मध्ये, छपाईच्या बिलाला मदत करण्यासाठी ५,००० डॉलर घेतले. खटला १८७७ मध्ये, म्हणजे सत्ता उलटून डेमोक्रॅट (तेव्हाचा दक्षिणेतल्या गोऱ्यांचा पक्ष) आल्यावर. मुख्य साक्षीदार वुडरफ, सेनेटचा क्लार्क आणि छपाई कंपनीचा भागीदार. सगळ्या घोटाळ्याच्या मुळाशी हाच. त्याने सवलतीच्या बदल्यात साक्ष दिली. स्मॉल्सला तीन वर्षं सक्तमजुरी. अपील वरपर्यंत चाललं. आणि १८७९ मध्ये गव्हर्नर सिम्प्सनने माफी दिली, का तर त्याच सुमारास निवडणुकीतल्या दांडगाईबद्दल डेमोक्रॅटांवर केंद्राने खटले भरले होते, ते मागे घ्यायचे होते. एका हाताने घ्या, दुसऱ्याने द्या.

माझं मत? पैसे घेतले नसतीलच असं मी छातीठोक म्हणणार नाही. त्या सभागृहात पुष्कळांनी घेतले. पण ज्या खटल्यात साक्षीदार स्वतः आरोपी, फिर्यादी राजकीय वैरी आणि माफी सौद्यातली, त्यावरून मी चोर म्हणायला तयार नाही. मतदारही नव्हते. ब्यूफर्टने त्यानंतरही त्याला निवडून दिलं.

शंकासुर

"मतदारही नव्हते" हा युक्तिवाद आपल्याकडे किती जणांना लागू होईल ते बघा आणि मग वापरा. बाकी मान्य.

जुनी_पानं

हाहा. वापरलेला परत घेतो.

फौजी_निवृत्त

'मेजर जनरल' हा हुद्दा वाचून काही जणांचा गोंधळ होईल, म्हणून लिहितो. हा अमेरिकेच्या सैन्याचा हुद्दा नव्हे, राज्याच्या मिलिशियाचा. राज्याचा गव्हर्नर नेमणूक देतो, त्याचा अंमल राज्यापुरता. पण म्हणून नुसता शोभेचा समजू नका. १८७० च्या दशकात साउथ कॅरोलायनात मिलिशियात मुख्यतः कृष्णवर्णीय पुरुष होते आणि गोऱ्या सशस्त्र टोळ्यांच्या डोळ्यात ती खुपत होती. जुलै १८७६ मध्ये हॅम्बर्ग गावात मिलिशियाच्या एका कंपनीला घेरून, शरण आलेल्यांना वेगळं काढून मारलं. स्मॉल्स तेव्हा काँग्रेसमध्ये. टेक्सासच्या सीमेवर सैन्य पाठवायचा विषय चालू होता, त्यात याने दुरुस्ती सुचवली की साउथ कॅरोलायनातल्या मिलिशियाच्या माणसांना असं मारलं जातंय तोवर तिथलं सैन्य काढू नका. मला वाटतं, जनरल म्हणून आपल्या माणसांसाठी त्याने केलेली मोठी लढाई ही, आणि ती सभागृहात झाली.

दुसरा प्रसंग याहून आवडता. पुढच्याच महिन्यात कोंबाही नदीकाठच्या भातमळ्यांत मजुरांचा संप झाला. मळेवाले मजुरी रोख देत नसत. चिठ्ठ्या देत, त्या चालत फक्त मळ्याच्याच दुकानात, दर दुकानदाराचा. मजूर काठ्या घेऊन मळ्यामळ्यांतून फिरू लागले, गोऱ्या रायफल क्लबवाल्यांनी बंदुका काढल्या. गव्हर्नरने स्मॉल्सला पाठवलं. शेकडो संतापलेले मजूर, पलीकडे बंदुकवाले, मध्ये हा. मजुरांशी बोलला, तुमची मागणी बरोबर आहे म्हणाला, पण कामावर जाणाऱ्याला मारू नका. अटकेतल्यांना ब्यूफर्टला नेलं, तिथे सुटले. एक गोळी उडाली नाही. ज्या अधिकाऱ्याला फौज असून ती न वापरता येते त्याला मी वरच्या वर्गात बसवतो.

बाराखडी

दुकानाच्या चिठ्ठ्यांचं वाचून अंगावर काटा आला. गुलामगिरी संपून अकरा वर्षं झालेली, आणि पगार पुन्हा मालकाच्याच गल्ल्यात.

वकीलीणबाई

उशिरा आले, पण एक फाईल माझ्याकडेही आहे.

स्मॉल्सने युद्धकाळात ब्यूफर्टच्या प्रिन्स स्ट्रीटवरचं घर कर थकल्यामुळे निघालेल्या लिलावात घेतलं. कोणाचं घर? मॅकी कुटुंबाचं. ज्याच्या मागच्या खोपटात तो जन्मला तेच. युद्धाआधी मॅकीने ते डी ट्रेव्हिल नावाच्या माणसाला विकलं होतं, आणि युद्धानंतर डी ट्रेव्हिलने दावा लावला की करविक्रीच बेकायदेशीर, घर परत द्या. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, डी ट्रेव्हिल विरुद्ध स्मॉल्स, १८७८. निकाल स्मॉल्सच्या बाजूने. हा निकाल नुसत्या एका घराचा नव्हता. त्या किनाऱ्यावर अशाच लिलावांत मुक्त गुलामांनी जमिनी घेतल्या होत्या, त्या सगळ्यांची मालकी या एका मुद्द्यावर टांगलेली.

तारखा जुळवून बघा. एकीकडे लाचेच्या शिक्षेवर अपील, दुसरीकडे घराचा दावा, तिसरीकडे निवडणूक. त्याच १८७८ च्या प्रचारात गिलिसनव्हिलला गोऱ्यांच्या लाल सदऱ्यांवाल्या सशस्त्र टोळीने त्याला एका दुकानात कोंडलं होतं. लोक धावून आले म्हणून वाचला.

त्या घराची एक गोष्ट सांगतात : मॅकीची वृद्ध बायको भ्रमिष्ट होऊन परत आली, घर अजून आपलंच समजून. स्मॉल्सने तिला राहू दिलं, तिच्याच जुन्या खोलीत. पुरावा म्हणून कोर्टात टिकणार नाही, पण घराण्यात सांगितली जाते.

खोडसाळ

मुख्य मुद्दा राहिला. पेन्शन! आमच्या एका नातेवाइकांना एका कार्यालयाने हयातीचा दाखला घेऊन समोर उभं राहिल्यावर विचारलं होतं की हे तुम्हीच कशावरून. त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा.

वकीलीणबाई

मग ऐका. युद्धात तो आधी नौदलासाठी, मग प्लँटर सैन्याच्या क्वार्टरमास्टर खात्याकडे गेल्यावर तिकडे. पायलट, नंतर कप्तान. पगार मिळाला, गोळे अंगावर घेतले. पण रीतसर कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, नव्हतं. म्हणजे कागदोपत्री हा कंत्राटी मुलकी माणूस. १८८३ मध्ये त्याला नौदलाच्या निवृत्त कप्तानांच्या यादीत घालायचं बिल आलं. समितीने भरभरून अहवाल दिला, बिल मात्र पार पडलं नाही. अखेर १८९७ मध्ये काँग्रेसच्या खास कायद्याने महिना ३० डॉलर, नौदलाच्या कप्तानाइतके. वय अठ्ठावन्न.

बक्षिसाचंही तसंच. १८६२ मध्ये बोटीची किंमत ठरवली साधारण ९,००० डॉलर आणि त्यातले १,५०० स्मॉल्सला. त्या १८८३ च्या समितीने म्हटलं की ही किंमत हास्यास्पद आहे, खरी ६०,००० च्या वर होती. तोफा धरून. १९०० मध्ये आणखी ५,००० मंजूर झाले. अडतीस वर्षांनी.

फौजी_निवृत्त

मगाशी सुकाणूकाका म्हणाले तेच. काम पायलटचं, नाव व्हीलमन. काम कप्तानाचं, नाव कंत्राटी. गंमत म्हणजे ज्या मिलिशियाचा रीतसर कागद त्याच्याकडे होता, ती मिलिशियाच १८७७ नंतर पहिल्यासारखी राहिली नाही.

आणि आता? २००४ मध्ये अमेरिकी सैन्याने आपल्या एका मालवाहू जहाजाला 'मेजर जनरल रॉबर्ट स्मॉल्स' नाव दिलं. बघा, मिलिशियाचा हुद्दा लावून. २०२३ मध्ये नौदलाने चॅन्सेलर्सव्हिल या युद्धनौकेचं नाव बदलून 'रॉबर्ट स्मॉल्स' केलं. जुनं नाव होतं कॉन्फेडरेटांच्या विजयाचं.

शंकासुर

काँग्रेसमधली कारकीर्द नेमकी किती? कुठे तीन टर्म वाचतो, कुठे पाच.

जुनी_पानं

मोजणी तुकड्यातुकड्यांची आहे म्हणून. १८७५ ते १८७९ सलग. १८८० मध्ये जॉर्ज टिलमनविरुद्ध हरला असं जाहीर झालं, याने निकालाला आव्हान दिलं आणि जुलै १८८२ मध्ये जागा मिळाली, टर्म संपत आलेली. मग मॅकी नावाचा दुसराच एक (जुन्या मालकांशी संबंध नाही) निवडून आला, तो १८८४ च्या जानेवारीत वारला, त्या जागी स्मॉल्स. १८८७ पर्यंत. त्यानंतर ब्यूफर्ट बंदरात कस्टम्सचा कलेक्टर, मधली चार वर्षं सोडून १९१० च्या दशकापर्यंत.

पण आमदारकीचा, म्हणजे राज्याच्या राजकारणाचा, शेवटचा अंक १८९५ चा. जॉर्जचा भाऊ बेन टिलमन, याने उघड उघड कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढण्यासाठी नवी राज्यघटना परिषद बोलावली. १६० प्रतिनिधी, त्यात सहा कृष्णवर्णीय. १८६८ च्या परिषदेत हेच लोक बहुसंख्य होते. स्मॉल्स दोन्हीकडे.

तिथे मिश्रविवाहबंदीचं कलम आलं. स्मॉल्स उठला आणि दुरुस्ती मांडली. ठीक आहे, पण मग जो गोरा पुरुष काळ्या बाईशी संबंध ठेवेल त्याला सरकारी पदावर बसता येणार नाही, आणि त्या मुलाला बापाचं नाव आणि इस्टेटीत वाटा मिळेल. सभागृहात काय शांतता पसरली असेल! किती प्रतिनिधींनी खुर्चीत चुळबुळ केली असेल. दुरुस्ती पडली, ती पडणारच होती.

त्याच परिषदेत १ नोव्हेंबरला त्याने म्हटलं, की माझ्या वंशाला खास वकिली नको, या देशातला त्यांचा इतिहासच सांगतो की ते कोणाहून कमी नाहीत; त्यांना आयुष्याच्या झगड्यात फक्त समान संधी हवी. हे शब्द आज त्याच्या स्मारकावर आहेत, ब्यूफर्टच्या टॅबर्नॅकल बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात. १९१५ च्या फेब्रुवारीत तो गेला, त्याच प्रिन्स स्ट्रीटवरच्या घरात.

घटना मंजूर झाली. सही करायला त्याने नकार दिला. सही नाही तर प्रवासभत्ता नाही असं सांगितल्यावर म्हणाला म्हणतात, मग ब्यूफर्टपर्यंत चालत जाईन.

खोडसाळ

ट्राममधून उतरवल्यावर चालला होताच की. सवय होती.

बाराखडी

खोडसाळ, पहिल्यांदाच तुमच्या प्रतिसादाला +१.

सुकाणू_सोडा

सगळं वाचलं. पण बोटीचं काय झालं ते कोणी सांगेना. माणसांचे पुतळे होतात, बोटी भंगारात जातात.

जुनी_पानं

भंगारात नाही गेली, काका. युद्धानंतर पुन्हा खाजगी मालकाकडे, चार्ल्सटनच्या आसपास मालवाहतूक. १८७६ च्या मार्चमध्ये केप रोमेनजवळ एक गलबत वाळूत रुतलं होतं, ते ओढून काढायला प्लँटर गेली आणि त्या खटपटीत स्वतःचीच फळी फुटली. किनाऱ्याला लावली, वादळाने उरलेलं काम केलं. २०१४ मध्ये अमेरिकेच्या समुद्रसंशोधन खात्याने जाहीर केलं की वाळूखाली तिचे अवशेष बहुधा सापडलेत.

स्मॉल्स तेव्हा वॉशिंग्टनला, काँग्रेसमध्ये. चाकावर दुसरंच कोणीतरी होतं.

सुकाणू_सोडा

वाटलंच.